माळवदावरची झोप

खोलीचं दार उघडलं आणि डोळ्यांआधी नाकानं ओळखलं. चुना, थंड दगड आणि जाड भिंतींच्या घरात मुरलेला गारवा. बाहेर ऊन पोळत होतं आणि आत पायाखालची जमीन माठासारखी गार. मी उंबऱ्यावरच थांबले. "आई, आत ये ना. काय झालं?" लेकीनं विचारलं. मला सांगता येईना. ग्रीसमधल्या सँटोरिनी बेटावर, ईया नावाच्या गावात, समुद्राच्या कड्याला बिलगलेल्या एका लहानशा हॉटेलात मी उभी होते आणि वास येत होता औसा तालुक्यातल्या माझ्या आजोळच्या माजघराचा.

2018 सालचा जून महिना होता. आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून म्युनिकला नोकरी करणाऱ्या लेकीनं आम्हा दोघांना चार दिवसांसाठी तिथं नेलं होतं. त्याला बुटीक हॉटेल म्हणतात, हे तिनंच विमानात समजावलं. खोल्या मोजक्या, घर जुनं आणि पाहुण्यांचं सगळं मालकीण जातीनं बघणार. आमच्या हॉटेलात सातच खोल्या होत्या. ज्वालामुखीच्या राखेचा जो मऊ थर त्या कड्यावर साचलाय, तो कोरून पूर्वी लोकांनी घरं केली. पुढं दार, दाराच्या दोन बाजूंना खिडक्या, वर एक झरोका आणि आत कमानीसारखं गोल छत. भिंतीत कोनाडे. पलंग म्हणजे भिंतीलगत बांधलेला ओटा, त्यावर गादी. सगळं चुन्यानं सारवलेलं, एकही कोपरा टोकदार नाही. किती हातांनी किती वर्षं त्यावरून चुना फिरवला असेल, ते त्या गोलाईवरून कळत होतं.

मी एका कोनाड्यात हात घातला. लहानपणी मायच्या घरी कोनाड्यात हात घातला की हाताला काडेपेटी लागायची, नाहीतर कुंकवाचा करंडा.

माय म्हणजे माझ्या आईची आई. सगळं गाव तिला मायच म्हणायचं. वडिलांची नोकरी नांदेडला. उन्हाळ्याची सुट्टी लागली की आम्ही भावंडं आईबरोबर एसटीत बसायचो. लोहा, अहमदपूर, चाकूर असं करत लातूर यायचं, तिथून औसा आणि पुढं बैलगाडी. गाडी ढेळजेसमोर थांबायची, तोवर आमच्या केसांत आणि भुवयांत धूळ बसलेली असायची. माय ढेळजेतच भाकरतुकडा ओवाळून टाकायची आणि मग आत घ्यायची. ढेळजेतून आत गेलं की उन्हाचा आवाजच बंद व्हायचा. दोन-अडीच हात जाडीच्या दगडी भिंती, सागवानी खांब आणि तुळया. आमच्याकडं घर फुटात मोजत नसत, खणांत मोजत. दोन खांबांमधलं अंतर तो खण. मायचं माजघर सात खणांचं होतं. भिंतीच्या पोटात धान्याचं बळद, अंगणाखाली ज्वारीचं पेव आणि छतात एक साणं. त्या साण्यातून उन्हाचा एक कवडसा खाली यायचा. तो चुलीपाशी आला की माय म्हणायची, "चला लेकरांनो, जेवायची येळ झाली." घरात घड्याळ होतं, पण त्याला कुणी विचारत नसे.

आणि या सगळ्याच्या डोक्यावर माळवद. तुळयांवर लाकडं, त्यांवर काटक्या आणि पाला, त्यावर हात-दोन हात माती आणि सगळ्यांत वर पांढरीचा थर. आमच्याकडं शेतजमीन ती काळी आणि गावठाण ती पांढरी. गावाच्या जुन्या गढीपासून ही पांढरी माती गाडीनं आणायची आणि मृगाच्या आधी माळवदावर पसरून धुमसानं चोपायची. ती पाणी धरत नाही, पन्हाळातून खाली सोडते. श्रावणात तिच्यावर गवत उगवायचं, ते माय हातानं उपटायची. कुठं गळायला लागलं तर भर पावसात पोतं डोक्यावर घेऊन ती वर जायची, पायाच्या टाचेनं जागा चाचपायची आणि तिथंच माती दाबायची. आम्ही वर धावायला लागलो की खालून आवाज यायचा, "काय करलालीस गं वर? पळू नगं, माती हालती!"

दिवसा माळवद बायकांचं. कुरडया, शेवया, सांडगे, मिरच्या, तुरी, सगळं वर वाळायचं. गल्लीतली माळवदं एकमेकांना खेटून, त्यामुळं बायका रस्त्यावर न उतरता या टोकाच्या घरून त्या टोकाला जायच्या. दिवाळीत वरच्या कठड्यावर पणत्या लागायच्या आणि खालून बघताना एकाचं घर कुठं संपलं नि दुसऱ्याचं कुठं सुरू झालं, ते कळायचं नाही.

रात्री माळवद आमचं. ऊन उतरलं की वर पाण्याचा शिडकावा. तापलेल्या पांढरीवर पाणी पडलं की जो वास उठतो, तो मला आजही झोपेत येतो. मग वाकळा अंथरायच्या. माय मधोमध, आम्ही तिच्या दोन्ही बाजूंना. सप्तर्षींना ती म्हातारीची बाज म्हणायची. बाज कुठं कलली यावरून रात्र किती झाली ते सांगायची. पहाटे अंगाला गारवा झोंबला की अर्धवट झोपेत कळायचं, कुणीतरी आपल्यावर वाकळ सारखी केली. ते कोण, हे बघायला डोळे उघडायची कधी गरज पडली नाही.

ईयात पहिल्या दिवशी संध्याकाळी बाहेरच्या गच्चीवर बसलो आणि मी यांना म्हटलं, "अहो, ही माळवदंच आहेत की." आमची गच्ची म्हणजे खालच्या घराचं छत होतं आणि आमच्या छतावर वरच्या घरातले लोक चहा पीत बसले होते. पार समुद्रापर्यंत अशी पांढरी पायरीपायरी उतरत गेलेली. मालकीणबाईंनी स्वतः जेवण आणलं. ताटलीत पिवळाधमक फावा होता. त्या बेटावरच पिकणाऱ्या, आपल्या लाखेच्या कुळातल्या डाळीचं ते घट्ट वरण. वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हच्या तेलाची धार. मायनं हेच दिलं असतं. फक्त डाळ तुरीची आणि तेल करडईचं. बाई सांगत होत्या, इथं पाऊस फार थोडा. द्राक्षाचा वेल मांडवावर चढवत नाहीत, जमिनीवरच टोपलीसारखा वळवतात, म्हणजे वारा लागत नाही आणि रात्रीचं दव मुळापाशी राहतं. मला आमच्या काळीतली रब्बीची ज्वारी आठवली. तीही दवावर आणि मातीच्या ओलीवरच येते.

छताला त्या दरवर्षी चुना देतात, तो नुसता दिसायला नव्हे. पूर्वी छतावर पडलेला पावसाचा थेंबन् थेंब घराखालच्या टाक्यात उतरायचा आणि वर्षभर तेच प्यायचं, म्हणून छत स्वच्छ हवं. हे ऐकताना जीव गलबलला. दोनच वर्षांपूर्वी, 2016 च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. आमच्या पन्हाळांतून पडलेलं पाणी आम्ही कुठं साठवलं होतं?

"तुम्ही कुठल्या?" बाईंनी विचारलं. लातूर-नांदेड त्यांना कसं कळावं? पण हे जन्मभर शाळेत इतिहास शिकवलेले. त्यांनी लेकीकरवी सांगितलं की, पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ नावाच्या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावं आहेत. तिथलं कापड गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराकडं जायचं. ते तगर म्हणजे आमच्या लातूरशेजारचं तेर. बाई उठल्या आणि यांच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "म्हणजे तुमचे लोक आधी येऊन गेलेत. तुम्ही उशीर केलात."

एवढं सगळं गोड असूनही त्या रात्री मला झोप लागली नाही. वर दगडमातीचं छत होतं.

30 सप्टेंबर 1993. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी नांदेडला आमच्या फळीवरची भांडी खडखडली आणि आम्ही लेकीला उचलून रस्त्यावर आलो. उजाडल्यावर रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. किल्लारी औसा तालुक्यातलंच, मायच्या गावापासून लांब नाही. सुमारे दहा हजार माणसं गेली. माणसं झोपेत होती आणि ज्या भिंतींनी, ज्या माळवदांनी त्यांना उन्हापावसात सांभाळलं, तीच अंगावर आली. माय तोवर राहिली नव्हती. मामा-मामी त्या रात्री ढेळजेत झोपले होते म्हणून वाचले. माजघराची भिंत बाहेर कोसळली आणि माती आत आली. पुढं कित्येक महिने गावं उघड्यावर झोपली. ज्यांची घरं उभी होती, त्यांनीसुद्धा हातानं माळवदं उतरवली आणि पत्रे टाकले. मामांनीही तेच केलं. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी कधीच म्हणणार नाही. ज्यानं ढिगाऱ्याखालून आवाज ऐकलेत, त्याला दगडाच्या घरात झोप म्हणून सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. मला स्वतःला तेव्हापासून रोज पहाटे चारच्या सुमाराला जाग येते. आधी मी छताकडं बघते, मग देवाचं नाव घेते.

त्या रात्री ईयातही तशीच जाग आली. सकाळी मी लेकीला म्हटलं, "बाईंना विचार, इकडं भूकंप होतो का?" बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, 9 जुलै 1956. तोही पहाटेच. बेटावर त्रेपन्न माणसं गेली, शेकडो घरं पडली. हे घर त्यांच्या यायाचं, म्हणजे आजीचं. आजीला तिकडं याया म्हणतात. समोरची भिंत कड्यावरून खाली गेली आणि घरच्यांनी बेट सोडून अथेन्स गाठलं. अर्ध्याहून जास्त गल्ली रिकामी झाली. वीस-एक वर्षं ही घरं तशीच तोंड वासून पडली होती. मग 1970 च्या दशकात ग्रीसच्या पर्यटन खात्यानं ईयातली पडकी घरं दुरुस्त करून पाहुण्यांसाठी उघडायला सुरुवात केली. ते बघून लोक परतले. बाईंच्या आईनंही तेच केलं. कमान पुन्हा बांधली, भिंती बळकट केल्या, पण याया जिथं दिवा ठेवायची तो कोनाडा जागचा हलवला नाही. बाईंनी आम्हाला तो दाखवला. आत काजळीचा डाग होता. चुन्याचा हात दरवर्षी त्याच्याभोवतीनं फिरतो.

मी तो डाग बघत बराच वेळ उभी राहिले. किल्लारीनंतर आमच्याकडंही जाणकारांनी सांगितलं होतं की माळवदावरच्या मातीचा थर कमी करा, भिंतीत आरपार जाणारे लांब दगड घाला, खांब-तुळयांच्या सांध्यांना तिरपे टेकू द्या. कित्येक घरांत भिंती पडल्या, तरी लाकडी सांगाडा उभा राहिलेला सगळ्यांनी पाहिला होता. मामांकडंही राहिला होता. पण भीती ताजी होती आणि ऐकायला कुणाचं मन जाग्यावर नव्हतं. आता तीस वर्षं उलटून गेली. औशाला, निलंग्याला, कंधारला, उदगीरला अजून काही वाडे उभे आहेत. त्यांना जाणत्या माणसाचा हात लागला, चार खण नीट झाले, तर आपल्याच नातवंडांना एक रात्र तिथं झोपवता येईल. मला कौतुक पाहुण्यांच्या गर्दीचं नाही, त्या कोनाड्याचं आहे.

शेवटच्या रात्री मी बाईंना विचारलं, "बाहेर गच्चीवर झोपू का?" त्यांनी एका शब्दानं कारण विचारलं नाही. त्या आणि लेक, दोघींनी मिळून गाद्या बाहेर ओढल्या. मी गच्चीवर पाण्याचा तांब्या शिंपडला. चुना तापलेला होता, पाणी पडताच वास उठला. अगदी तोच नव्हे, पण नात्यातला. लेक माझ्या कुशीला येऊन आडवी झाली. मी तिला म्हातारीची बाज दाखवली. खाली समुद्र काळाभोर होता आणि कड्यावर घराघरांतले दिवे असे लागले होते की कुणाचं घर कुठं संपतं ते कळत नव्हतं.

जाग आली ती अंगावरची चादर कुणीतरी सारखी केली तेव्हा. खालच्या गच्चीवर कुणी बाई खराट्यानं झाडत होती. उजाडायला लागलं होतं. उशाचं घड्याळ पाहिलं, तर साडेपाच वाजले होते. तीन छप्पन्न कधीच होऊन गेले होते आणि मला जाग आली नव्हती.