उमेद आटते तेव्हा

खंडाळा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लोणावळ्याशेजारचा खंडाळा उभा राहतो, आणि मी तेथला रहिवासी आहे अशा समजुतीने ते माझा हेवा करू लागतात. माझा खंडाळा निराळा. तो सातारा जिल्ह्यात, पुण्याहून साताऱ्यास जाणाऱ्या रस्त्यावर, खंबाटकी घाटाच्या अलीकडे आहे. शीण घालविण्यासाठी येथे कोणी येत नाही. येथवर आलेल्या मनुष्यापुढे चढणच असावयाची!

असाच एका चढणीच्या तोंडाशी अडलेला माझा एक जुना विद्यार्थी मध्यंतरी भेटावयास आला होता. पुण्यातील भरपगारी नोकरी सोडून त्याने दोन मित्रांसह शेतातील ओलावा मोजणाऱ्या यंत्राचा धंदा काढला आहे. अशा नव्या धंद्याला हल्ली ‘स्टार्टअप’ म्हणतात. तीन वर्षे झाली. यंत्र चालते, पण गिऱ्हाईक फिरकत नाही. आणि सहा महिन्यांनंतर पगार कोठून द्यावयाचे, हे त्याला ठाऊक नाही. त्याची तक्रार मात्र पैशाची नव्हती. तो म्हणाला, “सर, पूर्वी उत्साहाने रात्री झोप लागत नसे. आता सकाळी उठावेसेच वाटत नाही.”

अशा प्रसंगी आम्हां वडीलधाऱ्यांजवळ एक ठरलेले औषध असते: चिकाटी! त्याच्या अनुपानाला रॉबर्ट ब्रूसचा कोळीही तयारच असतो. परंतु त्या कोळ्याचा मला अलीकडे संशय येऊ लागला आहे. पुन्हा चढावे की नाही, एवढाच त्याच्यापुढे प्रश्न होता. आपण योग्य भिंतीवर चढत आहो की नाही, ही विवंचना त्या प्राण्याला कधीच पडली नसेल. मनुष्याला नेमकी तीच पडते.

म्हणून कोळ्याऐवजी मला लक्ष्मणराव किर्लोस्कर जवळचे वाटतात. त्यांचे चरित्र चिकाटीचा धडा म्हणून सांगितले जाते. पण नीट पाहिले तर त्यांनी किती गोष्टी सोडल्या! चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले. आपल्याला काही रंग ओळखता येत नाहीत असे आढळताच त्यांनी रंग सोडले, रेखा ठेवली आणि यंत्रांची रेखाटने शिकले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक झाले. हक्काची बढती डावलली गेली तेव्हा तीही नोकरी सोडली. बेळगावात सायकलींचे दुकान चालविले, तेही मागे पडले. सोडला नाही तो लोखंडी नांगर. आणि त्या नांगराला तर कितीतरी दिवस गिऱ्हाईकच मिळेना! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती.

रंग सोडणारा मनुष्य नांगर का सोडीत नाही? मला वाटते, दोन्ही अडचणींची जात भिन्न होती. डोळ्यांतील उणीव प्रयत्नाने भरून येणारी नव्हती. शेतकऱ्याच्या मनातील शंका मात्र त्याच्याच रानात एक तास काढून दाखविला तर फिटण्याजोगी होती. पुढे बेळगावची जागाही सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात जमीन दिली, आणि 1910 मध्ये कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहू लागली. तो निवडुंग तोडताना रोज सकाळी सर्वांचा उत्साह उतू जात असेल, असे मला काही वाटत नाही. पण रोज तोडावयाचा निवडुंग पुढे दिसत होता, हे काय थोडे झाले?

उमेदीविषयी आपला एक मोठा गैरसमज आहे. ती आधी यावी आणि मग कामास हात घालावा, असे आपण समजतो. तीस वर्षे मी वर्गावर जातो आहे. घंटा होण्यापूर्वी उत्साह वाटला असे दिवस थोडेच. बहुतेक वेळा तो तास अर्धा झाल्यावर, एखाद्या मुलाचे डोळे चमकले म्हणजे येतो. उमेद ही कामाची आई खरीच, पण पुष्कळदा ती त्याची लेक असते!

याचा अर्थ धंदा कधी बंदच करू नये असा नव्हे. वापरून पाहणारे शेतकरीच ‘हे आम्हांला नको’ म्हणू लागले, तर देणी चुकवून दुकान आवरण्यात कमीपणा नाही. पण हा निकाल थकलेल्या मनाने पहाटे अंथरुणात पडल्यापडल्या देऊ नये. थकलेले मन हा फार वाईट न्यायाधीश. पुरावा न पाहताच ते फाशी फर्मावते. पुरावा रानात असतो.

म्हणून मी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या: शिल्लक किती आहे ते दोघा मित्रांना आजच खरेखरे सांग, आणि एका शेतकऱ्याच्या बांधावर एक हंगाम काढ. त्याचा धंदा तरेल की बुडेल, कोण सांगणार? परंतु हंगाम संपेल तेव्हा, चालू ठेवावयाचे असो वा सोडावयाचे असो, त्याच्या हाती भीतीपेक्षा काहीतरी अधिक भरवशाचे असेल.