तारेमागचं हसू

लेकीच्या दातांना तार बसवली. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन वर्षं लागतील. तार आवळली की काही तासांनी ठणका लागतो, दुसऱ्या दिवशी वाढतो आणि आठवडाभरात ओसरतो. हे तिला आधीच सांगून ठेवते, म्हणजे ती घाबरत नाही. त्या दिवसांत घरात सगळ्यांनाच मऊ मुगाची खिचडी. तिचं ताट वेगळं नसतं.

दातांपेक्षा जास्त दुखतं ते वर्गातलं चिडवणं. ती तोंडावर हात धरून हसू लागली. ‘दुर्लक्ष कर’ न म्हणता मी ऐकून घेते. दर महिन्याला दातांचा फोटो काढतो. सरकलेला दात तिचा तिलाच दिसतो.

मूल शाळाच टाळू लागलं, तर डॉक्टरांनाही जरूर सांगा.