दोंडाईच्याची वही

सुरतेहून भुसावळकडे जाणाऱ्या गाडीने नंदुरबार सोडले म्हणजे थोड्याच वेळात डब्यातील माणसांचे दोन वर्ग पडत, असे आम्हांस बालपणापासून स्मरते. दिवस मिरचीच्या हंगामाचे असले, तर एक वर्ग शिंकू लागे आणि दुसरा बोचकी आवरू लागे. शिंकणारे ते परके; बोचकी आवरणारे आमचे गाववाले. दोंडाईचा आले हे कळण्यास स्थानकावरील पाटी वाचण्याची आम्हांस कधी गरज पडली नाही.

गावाचे नाव मोठे मौजेचे आहे. त्याच्या अखेरीस षष्ठीचा प्रत्यय जणू जन्मतःच चिकटलेला. पुढे शिक्षणासाठी पुण्यास गेलो तेव्हा आमच्या व्याकरणाच्या गुरुजींनी गाव विचारले. ‘आम्ही दोंडाईच्याचे’ असे उत्तर देताच ते हसून म्हणाले, ‘अरे, एका षष्ठीवर भागेना म्हणून दुसरी जोडलीस काय?’ वर्ग हसला, आम्ही ओशाळलो. परंतु आता उतारवयात त्या थट्टेचा अर्थ निराळा लागू लागला आहे. नावावरूनच जे गाव कोणाचे तरी दिसते, ते नक्की कोणाचे, आणि त्याची आठवण ठेवण्याचे काम कोणाचे, हा प्रश्न आम्हांस अलीकडे स्वस्थ बसू देत नाही.

तापीच्या खोऱ्यातून सुरत ते अमळनेर असा लोहमार्ग १९०० साली सुरू झाला. त्याचे नावच मुळी ‘टाप्टी व्हॅली रेल्वे’. नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडे, नरडाणे ही गावे या मार्गाने सुरतेशी जोडली गेली आणि खानदेशच्या कापसास पश्चिमेकडे नवी वाट मिळाली. पण १८९९–१९०० हे साल खानदेशास आणि गुजरातेस दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. विक्रम संवत १९५६ मधील तो भयंकर दुष्काळ ‘छप्पन्या’ या नावाने पुढे कित्येक वर्षे घरोघर बोलला जाई. आमची आजी आपल्या सासूबाईंकडून ऐकलेली हकीकत सांगे की, गावाने एकाच वर्षात उपासही पाहिला आणि आगगाडीही पाहिली. पोटात अन्न नसलेली माणसे रुळांच्या कडेला उभी राहून धुराकडे पाहत. त्यानंतर घरातील जन्ममृत्यूंची सालेही ‘गाडी आली त्याच्या आधी’ आणि ‘गाडी आली त्याच्या मागून’ अशीच सांगितली जात.

आजी नाशिकची. लग्न होऊन आली तेव्हा तिला येथील अहिराणी बोली मुळीच उमजत नसे. शेजारची म्हातारी दारातून ‘काय व माय, बरी शे ना?’ असे विचारी आणि आजी गोंधळून पाणी आणून देई. पन्नास वर्षांनंतर तीच आजी स्वयंपाकघरातून ‘चहा ठेवला शे रे’ असे हाकारू लागली, तेव्हा आजोबा म्हणत, ‘गंगेकाठची होतीस, तापीकाठची झालीस.’

मिरचीच्या दिवसांत गावाबाहेरची माळराने लाल होऊन जात. ओली लाल मिरची व्यापारी विकत घेत आणि मोकळ्या जागेवर पसरून उन्हात वाळवीत. या जागांस आमच्याकडे पथारी म्हणतात. वरून पाहणाऱ्यास तो रंगाचा सोहळा वाटे. परंतु पथारीवर बसून देठे खुडणाऱ्या बायांस त्याची किंमत ठाऊक होती. मिरचीची आग हातास लागली म्हणजे पाण्याने शमत नाही, तेल लावावे लागते. आणि डोळ्यांस लागली तर कशानेच लवकर शमत नाही. त्यांतील कितीतरी भिल्ल बाया सातपुड्याच्या बाजूकडून मजुरीसाठी येत आणि हंगाम संपताच परत जात. आमच्या घरात वर्षाचे तिखट कुटले जाई तेव्हा आम्हां मुलांस माडीवर कोंडून ठेवीत. त्या बायांची मुले मात्र पथारीच्या कडेलाच खेळत.

मार्गशीर्ष पौर्णिमेस दत्तजयंतीची यात्रा सारंगखेड्यास भरे. पहाटेच्या काळोखात बैलगाडी जुंपून आम्ही तापीकाठी जात असू. एकमुखी दत्ताचे दर्शन हे वडील मंडळींचे प्रयोजन, आणि दूरदूरहून विक्रीस आलेले घोडे हे आमचे. त्याच नदीकाठी पुढे प्रकाशे आहे. गोमाई तेथे तापीस मिळते. १९५५ साली तेथे उत्खनन झाले, तेव्हा सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीचे अवशेष मिळाले. ज्या काठावर आम्ही शिदोरी सोडून भाकरी खाल्ली, त्या काठावर इतक्या पिढ्यांनी चुली पेटविल्या होत्या, हे आम्हांस फार उशिरा कळले.

या सर्वांचा इतिहास कोणी लिहिला? खानदेश १८१८ साली इंग्रजांच्या अमलाखाली आला, आणि १८८० साली मुंबई सरकारने जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखाली खानदेशचे गॅझेटियर छापले. तेव्हा शिंदखेड्याकडील या मुलखाच्या तालुक्याचे नाव विरदेल असे होते. जमिनी, पिके, जाती, बाजार, कर असे सगळे त्यात शिस्तीने मांडले आहे. ते श्रमाचे काम आहे, त्यास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. परंतु तो कारभाऱ्याने पाहिलेला मुलूख आहे. याच इंग्रजांच्या स्वतःच्या देशात मात्र गावाचा इतिहास गावातला माणूस लिहीत आला. हॅम्पशायरमधील सेल्बोर्न या खेड्याचा गिल्बर्ट व्हाईट नावाचा पाद्री आपल्या गावचे पक्षी, पाऊस, झाडे आणि जुन्या वास्तू यांविषयी पत्रे लिहीत राहिला. ती १७८९ साली ग्रंथरूपाने निघाली आणि आजही वाचली जातात. १८९९ साली तेथे परगण्यापरगण्यांचा इतिहास लिहिण्याची जी योजना सुरू झाली, तिचे काम अद्याप चालू आहे. त्यांच्या गावास गावकरी लेखक लाभला. आमच्या गावास साहेब लाभला. यात दोष केवळ साहेबाचा म्हणावा, तर आम्हां गावकऱ्यांनी तरी काय केले?

हा प्रश्न आम्ही दुसऱ्यांस विचारीत नाही. आमच्या आजोबांनी कापसाच्या एका जिनमध्ये आयुष्यभर हिशेब लिहिले आणि घरी येऊन रोज रात्री कंदिलाच्या उजेडात मोडीत टिपणे केली. त्यांच्या पश्चात ती दप्तरे माळ्यावर होती. वाडा विकावयाचे ठरले तेव्हा आम्ही भावंडे सुट्टी काढून गेलो, चार दिवसांत घर रिकामे केले, आणि माळ्यावरचे सर्व कागद रद्दीवाल्यास वजनावर देऊन टाकले. मोडी आमच्यापैकी एकासही येत नव्हती. शिवाय परतीच्या गाडीची तिकिटे काढलेली होती. हे घडले ते दोंडाईच्यास, जेथून धुळे हाकेच्या अंतरावर आहे. त्याच धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी देह ठेवला, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाने तेथे संशोधन मंडळ उभे राहिले. १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने खंडामागून खंड छापणारा तो पुरुष असल्याच दप्तरांसाठी गावोगाव वणवण फिरला होता. शाळेत त्यांचे चरित्र आम्ही तोंडपाठ केले होते. माळ्यावर चढल्यावर ते आठवले नाही.

एक वही तेवढी वाचली. तीही आमच्या शहाणपणामुळे नव्हे. आजीने ती मसाल्याच्या डब्याबरोबर ठेवली होती, म्हणून ती स्वयंपाकघरातील सामानातून आमच्याबरोबर आली. वहीच्या एका बाजूने आजोबांची मोडी. वही उलटी धरली की दुसऱ्या बाजूने आजीचे बाळबोध अक्षर. कोणत्या घरी कोणते पातेले गेले, तिखटास मिरची किती व धने किती, लेकी कधी आल्या, कधी गेल्या, एवढेच तिचे लिहिणे. कागद महाग म्हणून दोघांनी एकच वही वापरली असावी.

पुढे धुळ्याच्या एका वृद्ध गृहस्थांनी दोन दुपारी खर्चून आम्हांस मोडीचा भाग वाचून दाखविला. त्यात १९४४ सालचा एप्रिल महिना आला. त्या महिन्याच्या १४ तारखेस धुळ्याहून नंदुरबारकडे चाललेला सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना चिमठाण्यानजीक क्रांतिकारकांनी लुटला. सातारच्या प्रतिसरकारचे आणि खानदेशचे तरुण त्यात होते. चिमठाणे हे आमच्याच धुळ्याच्या वाटेवरचे. आजोबांनी लिहिले आहे ते इतकेच की, बाजार थंड आहे, गाड्या थोड्या आल्या, वाटेवर झडत्या चालू आहेत. बाजू कोणाची धरावी याविषयी एक अक्षर नाही. नोकरी करणाऱ्या माणसाने तेव्हा ते लिहिलेही नसते.

आम्ही वही उलटी केली. त्याच दिवसांत आजीची नोंद अशी की, धुळ्याची मुलगी यंदा आखाजीस आली नाही. लुटीनंतर दोन आठवड्यांच्या आतच त्या वर्षी अक्षय्य तृतीया होती. आखाजी म्हणजे खानदेशात लेकीबाळींनी माहेरी येऊन झोके घेण्याचा सण. झोका बांधला होता, तो रिकामाच सोडला, असे आजीने लिहिले आहे. आमची आत्या पुढे हसत म्हणे, ‘माझी आखाजी स्वराज्यास गेली.’ तिच्या त्या बोलण्याचा अर्थ आम्हांस वही वाचेपर्यंत कळला नव्हता.

खजिन्याची हकीकत इतिहासात आली आणि ती यावयासच हवी होती. चिमठाण्यास तिचे स्मारकही आहे. पण सर्व गाव त्या दिवसांत कसे श्वास रोखून बसले होते, हे आम्हांस त्या रिकाम्या झोक्याने सांगितले. आणि असेही मनात येते की, पथारीवर देठे खुडणाऱ्या बायांची नोंद ना गॅझेटियरात सापडावी, ना आमच्या वहीत. आजीकडे पातेल्यांचा हिशेब होता. त्यांची नावे नव्हती. त्यांचे गाव तर कोणत्याच माळ्यावर नाही. ते त्यांच्या नातवंडांच्या तोंडीच असेल, आणि तेथेच जाऊन ऐकावे लागेल.

दोंडाईचा आज पुष्कळ बदलले आहे. १९०६ साली खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा ते पश्चिम खानदेशात गेले. पुढे त्या जिल्ह्यास धुळे हे नाव मिळाले. आणि १९९८ साली नंदुरबार निराळा जिल्हा झाल्यापासून आमचे शेजारचे स्थानक परजिल्ह्यात गेले. लोहमार्ग दुहेरी झाला आहे, गाड्या विजेवर धावतात, आणि ज्या धुराकडे छप्पन्यातील माणसे पाहत उभी राहिली तो धूर उरला नाही. आमच्या वाड्याच्या जागी इमारत आहे. मिरची मात्र अद्याप येते.

वाचकांच्या घरीही माळा असेल. वाडा विकण्याचा विचार चालला असेल, तर कागद काढण्यापूर्वी परतीचे तिकीट काढू नये, एवढीच विनंती. मोडी वाचणारी माणसे अजून आहेत, परंतु ती वाट पाहत बसण्याच्या वयाची नाहीत. आणि मोडी येत नसली तरी वही एकदा उलटी धरून पाहावी. आमची वही आम्ही येत्या आखाजीस धुळ्याच्या संशोधन मंडळाच्या स्वाधीन करणार आहो. पहिल्या पानावर मालकाचे नाव नाही. तेथे काय लिहावे यावर आम्हां भावंडांत बराच खल झाला. अखेर धाकट्या बहिणीने लिहिले: ‘दोंडाईच्याची.’ व्याकरणाचे गुरुजी असते तर पुन्हा हसले असते.