शंभर रियालांचे किती?

मागच्या मे महिन्यात काकाने फॅमिली ग्रुपवर एक आकडा टाकला: ४,००० रियाल. खाली लिहिलं, आजच्या भावाने पावणेनऊ लाख. मग कोणीच काही बोललं नाही. आमच्या ग्रुपवर एरवी बांगड्याच्या फोटोवरही चाळीस मेसेज येतात.

विषय घराचा होता. मालवणजवळच्या वाडीतलं आमचं घर चिऱ्याचं, वर मंगलोरी कौलं. १९८५ ला जोतं बांधलं, १९९३ ला मागची पडवी झाली. आता रस्त्यापलीकडे दोन होमस्टे उभे राहिलेत, चुलतभावालाही तिसरा काढायचाय, आणि बँकेला कर्जासाठी कोणाचा हिस्सा किती हे कागदावर हवंय. काका मस्कतला इलेक्ट्रिशियन होता, १९८४ ते २००१. बाबा इथे शाळामास्तर. काकाने पैसे धाडले, बाबांनी पतपेढीचं कर्ज काढून आपले घातले, आणि सुट्टीच्या दिवशी गवंड्यांवर उभे राहिले. घरात कॉम्प्युटरवाला मीच, म्हणून हिशोब माझ्याकडे आला.

मला वाटलं होतं, एका संध्याकाळचं काम. जुने विनिमय दर उतरवायचे, बाबांच्या वहीतल्या तारखांसमोर लावायचे, गुणाकार. बाबांच्या वहीत प्रत्येक ड्राफ्टची नोंद आहे, पण रुपयांत. काकाच्या डोक्यात सगळं रियालात. एकूण तेच पैसे, पण दोघांच्या मनातले ढीग वेगवेगळ्या आकाराचे.

रियाल तसा सोपा. तो डॉलरला बांधलेला. १९७३ पासून एका रियालाचे सुमारे २.९० डॉलर, जानेवारी १९८६ मध्ये तो खाली आणून २.६००८ केला आणि तेव्हापासून आजतागायत तिथेच आहे. म्हणजे काकाच्या नोकरीचा जवळजवळ सगळा काळ त्याच्या हातातलं नाणं हललंच नाही. हलला तो आपला रुपया. १९८५ मध्ये शंभर रियालांचे साधारण ३,६०० रुपये व्हायचे, १९९० मध्ये ४,५००, आणि १९९३ मध्ये ८,००० च्या वर. काकाचे तास तेवढेच, ऊन तेवढंच, आणि वाडीत पोचणारी रक्कम दुपटीहून जास्त.

मधल्या उडीचं कारण आपण शाळेत एका ओळीत शिकतो. जुलै १९९१ मध्ये, १ आणि ३ तारखेला, दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर २१ रुपयांवरून २६ च्या जवळ गेला. देशाकडे आयातीपुरतंही परकीय चलन उरलं नव्हतं, सोनं गहाण पडलं होतं. पुस्तकात ते संकट. आमच्या वहीत त्याच सुमाराला माडीचा जिना आहे.

एक गंमत जाता जाता. काका आजोबांच्या वयाचा असता तर हा हिशोबच लागला नसता. मस्कतला तेव्हा रुपयाच चालायचा. आखातात जाणाऱ्या रुपयांतून सोन्याची चोरटी आयात वाढली, म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने तिकडच्यासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहरीनने १९६५ मध्ये आपला दिनार आणला. ६ जून १९६६ ला भारताने रुपया पाडला, डॉलर ४.७६ वरून ७.५० वर, आणि बाकीच्यांनीही रुपया सोडायला सुरुवात केली. ओमानने मात्र १९७० पर्यंत धरून ठेवला. वाडीतल्या कोणालाही हे सांगितलं की आधी विश्वास बसत नाही.

तर शीट. पहिल्या पद्धतीत काकाचे रियाल आजच्या भावाने आणि बाबांचे ७०,००० रुपये जसेच्या तसे: ९३ विरुद्ध ७. हे उघड चूक आहे, कारण एकाच्या पैशाला चाळीस वर्षं दिली आणि दुसऱ्याच्या पैशाला गोठवून ठेवलं. दुसऱ्या पद्धतीत त्या त्या दिवसाचा दर, म्हणजे वहीतले रुपयेच. काकाचे २,२०,००० झाले. ७६ विरुद्ध २४. पण बाबांचे पैसे सुरुवातीला गेले, जोत्यात आणि भिंतीत, आणि काकाचे बरेचसे १९९० नंतर आले. १९८६ ते १९९२ मध्ये महागाई साधारण पावणेदोन पट झाली. १९८६ चा रुपया जास्त चिरे आणायचा. ते धरलं की ६८ आणि ३२ येतात.

मला तिसरी पद्धत बरोबर वाटते, आणि मी तसं फोनवर सांगितलं.

"मी रुपये खय धाडले? मी रियाल धाडले," काका म्हणाला.

बाबा शेजारीच होते. "चिरे काय रियालात नाय इले."

दोघांचंही खरं आहे, आणि शीटमध्ये दोघांसाठी एकच रकाना आहे. काकाला रियाल म्हणजे महिन्याचे दिवस. तो दर कधी बदललाच नाही, तर त्याचे दिवस स्वस्त कसे झाले? हा प्रश्न मला सूत्रात बसवता येत नाही. बाबांच्या रविवारांचा तर वहीत आकडाच नाही. ते मागतही नाहीत, ही अडचण वेगळी.

आता वाद ६८ की ७६ एवढ्यावर आलाय, आणि अडलाय १९९२ वर. मार्च १९९२ ते फेब्रुवारी १९९३ देशात दोन दर होते: बाहेरून आलेल्या पैशातला ४० टक्के भाग सरकारी दराने, ६० टक्के बाजारभावाने. सरकारी डॉलर २६ च्या जवळ, बाजारातला ३० च्या आसपास. वहीत त्या वर्षी ७,०००-७,००० चे चार ड्राफ्ट आहेत. काका म्हणतो प्रत्येक शंभर रियालांचा होता. माझ्या हिशोबाने शंभराचे ७,३०० तरी यायला हवे होते. एक्स्चेंजवाल्याने कमिशन कापलं, की काकाने पंचाण्णवच दिले, की वहीत गोल आकडा लिहिला गेला? फरक लहान आहे, पण दोघेही त्यावरून हलायला तयार नाहीत.

काकाकडे बिस्किटांच्या डब्यात जुन्या पावत्या आहेत म्हणे. चतुर्थीला येताना डबा घेऊन येतो म्हणालाय. तोवर त्या चार ओळी मी पिवळ्या करून ठेवल्यात.