दक्षिणेकडची खिडकी

"डिसेंबरात अलास्काला चाललोय" असं ऑफिसात सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात, मग कॅलेंडरकडे. इथले सगळे थंडीत हवाई बेटांवर नाहीतर मेक्सिकोला पळतात. अठरा वर्षं सिअ‍ॅटलच्या पावसात भिजलेला माणूस सुट्टी काढून आणखी अंधारात, आणखी गारठ्यात जायचं म्हणतो म्हणजे याचं काहीतरी बिनसलं असणार, असा एकंदर सूर. आता तुम्हाला म्हणून सांगतो, ही कल्पना माझी नाही. बाबांची आहे.

बाबा पुण्याला असतात. तेहतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. "ध्रुवावर सहा महिने दिवस आणि सहा महिने रात्र" हे वाक्य त्यांनी किती पोरांकडून पाठ करून घेतलं असेल याची गणती नाही. पृथ्वीचा कललेला आस दाखवायला ते संत्र्यात विणकामाची सुई खुपसून आणत. तास संपला की संत्रं पहिल्या बाकावरच्याला मिळे. दोन वर्षांपूर्वी आई गेली. यंदा नोव्हेंबरात ते पहिल्यांदाच एकटे आमच्याकडे येतायत. व्हिसा, तिकीट, औषधं सगळं झाल्यावर मी फोनवर विचारलं, "बाबा, या वेळी काय बघायचंय? कॅलिफोर्निया? ग्रँड कॅन्यन?" पलीकडे जरा वेळ शांतता. मग म्हणाले, "टिळकांची पहाट बघता येईल का रे?"

तर त्याचं असं आहे. आमच्या घरी लोकमान्यांच्या 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' या इंग्रजी पुस्तकाची एक जुनी प्रत आहे. लहानपणी मला वाटायचं, टिळक म्हणजे सिंह, शेंगांची टरफलं आणि मंडाले. या माणसाने उत्तर ध्रुवावरही पुस्तक लिहिलंय हे कळलं तेव्हा मी चाट पडलो होतो. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना शिक्षा झाली. तुरुंगात मॅक्सम्युलरने पाठवलेली ऋग्वेदाची प्रत त्यांच्याजवळ होती आणि वाचायला वेळच वेळ होता. १८९८ मध्ये ते सुटले आणि १९०३ साली हे पुस्तक आलं. मधल्या काळातलं बरंचसं काम सिंहगडावरचं. युक्तिवाद थोडक्यात असा: वेदांत उषेची जी वर्णनं आहेत ती आपल्याकडच्या तास-सव्वा तासाच्या पहाटेला लागू पडत नाहीत. पहाट संपता संपत नाही, उषा एक नसून अनेक आहेत, तैत्तिरीय संहितेत तर तीस बहिणी म्हटल्या आहेत. अशी पहाट फक्त ध्रुवाजवळ होते, तेव्हा आपले पूर्वज कधीकाळी तिथे राहिले असले पाहिजेत. या कामी त्यांना एका अमेरिकन माणसाचाही आधार मिळाला. बोस्टन विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम वॉरन यांनी १८८५ मध्येच 'पॅराडाइज फाउंड' लिहून मानवाचं मूळ घर उत्तर ध्रुवावर नेऊन ठेवलं होतं.

आज हा सिद्धांत अभ्यासक मानत नाहीत, आणि बाबाही मानत नाहीत. "निष्कर्ष सोड. पण सिंहगडावर बसून ज्या माणसाने ध्रुवावरची पहाट डोळ्यासमोर आणली, त्याला ती बघायला मिळाली नाही. मलाही नाही. नुसतीच शिकवली," असं ते म्हणाले. यावर काय बोलणार? मी एक्सेल उघडलं.

इंजिनीयर माणसाला दुःख झालं की तो एक्सेल उघडतो. असो.

पहिला पर्याय अर्थातच अमेरिकेचं सगळ्यात उत्तरेचं शहर, उत्किआग्विक. २०१६ पर्यंत नकाशावर याचं नाव बॅरो होतं. त्या वर्षी गावाने मतदान करून जुनं इन्युपिअ‍ॅक नाव परत घेतलं. अक्षांश ७१, वस्ती पाच हजारांच्या आतबाहेर. नोव्हेंबरच्या १८ तारखेच्या सुमारास सूर्य मावळतो तो थेट जानेवारीच्या २२-२३ ला उगवतो. साधारण पासष्ट दिवसांची रात्र! तिथे जायला रस्ता नाही. थंडीत विमान हाच मार्ग आणि हवा बिघडली की तोही बंद. घरं खांबांवर उभी, कारण खालची जमीन कायमची गोठलेली. घराच्या उबेने ती वितळली तर घर खचायचं. गावाच्या बऱ्याच भागात पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीखालच्या उबदार बोगद्यांतून नेलेत. हे वाचून मी इतका खूश झालो की बाबांच्या आधी मीच सामान भरायला घेतलं असतं.

मग पहाटेचं गणित मांडलं. सूर्य क्षितिजाखाली १८ अंशांवर आला की आकाशात अगदी पहिला उजेड येतो, तिथून सूर्योदयापर्यंत पहाट धरायची, ही खगोलवाल्यांची पद्धत. डिसेंबरात पुण्याला ही पहाट येते सव्वा तासाची. उत्किआग्विकला जानेवारीत सूर्य परततो त्या सुमाराला ती होते साडेपाच तासांच्या वर, आणि मग उगवलेला सूर्य अर्ध्या-एक तासात पुन्हा बुडतो. आणि थेट ध्रुवावर? जानेवारीच्या शेवटापासून २० मार्चपर्यंत, पन्नासेक दिवस अखंड पहाट. वॉरन आणि टिळकांनी दोन महिन्यांच्या आसपासचा हिशेब धरला होता. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, कागदावर! मी हे बाबांना व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर त्यांनी चष्मा लावून कॉलम-कॉलम तपासला आणि म्हणाले, "सूत्र बरोबर आहे. साडेपाच तास चालतील."

इथपर्यंत सगळं छान होतं. मग बायकोने एकच प्रश्न विचारला. "बाबांना तिथे काही झालं तर?"

बाबांची अँजिओप्लास्टी झाली त्याला तीन वर्षं झाली. उत्किआग्विकला हॉस्पिटल आहे, चांगलं नवं आहे, पण हृदयाचं मोठं काही निघालं तर विमानाने अँकरेजला न्यावं लागतं, म्हणजे सातशेच्या वर मैल. आणि विमान उडणार का हे वारा ठरवणार. पाहुण्यांसाठी जो आरोग्य विमा मिळतो त्यात आधीच्या आजाराला सहसा हात लावत नाहीत. पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, कडक थंडीत रक्तवाहिन्या आकसतात, उघड्यावर दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नको, बर्फात दमछाक तर अजिबात नको. बायकोचं म्हणणं याच्याही पुढचं होतं. आई गेल्यापासून बाबांना झोप नाही. चारला उठतात आणि गॅलरीत खुर्ची टाकून उजाडायची वाट बघत बसतात. "अशा माणसाला तू जिथे उजाडतच नाही तिथे नेणार?"

मला उत्तर सुचेना. दोन दिवस एक्सेल उघडलं नाही. मग भीत भीत बाबांनाच सांगितलं की उत्किआग्विक रद्द. विमा, विमान, वारा ही सगळी कारणं दिली. चार वाजताची खुर्ची तेवढी गाळली. त्यांनी ऐकून घेतलं. मग अगदी सहज म्हणाले, "रात्र मोठी असते ते मला ठाऊक आहे रे. उजाडायला किती वेळ लागतो ते बघायचंय."

मग दुसरा पर्याय, फेअरबँक्स. खरं सांगायचं तर हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या आत नाही. अक्षांश ६४.८, वृत्त तिथून उत्तरेला रस्त्याने सुमारे दोनशे मैल. पण सिअ‍ॅटलहून थेट विमान आहे, चार तासांच्या आत पोचतं, गावात मोठं हॉस्पिटल आहे. ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा बरोबर डोक्यावरून जातो म्हणून जगभरचे लोक तिथे येतात. मी पुन्हा शीट भरायला घेतली. अरोरासाठी रात्री दहा ते तीन बाहेर थांबणे. आर्क्टिक वृत्ताची सहल, जाऊन-येऊन अख्खा दिवस. चीना इथले गरम पाण्याचे झरे. कुत्र्यांची गाडी. अशा अकरा ओळी झाल्या आणि डॉक्टरांचं वाक्य आठवून एकेक खोडत गेलो. रात्रभर बाहेर उभं राहणं, रद्द. खडबडीत रस्त्यावर बारा-चौदा तास, रद्द. गरम झऱ्यातून उणे तीसमध्ये बाहेर येणं, रद्द रद्द!

दोन ओळी वाचल्या. एक माझ्या हट्टाची: अलास्काची तेलवाहिनी. आठशे मैल लांब, चार फूट व्यासाची, १९७७ पासून उत्तरेच्या समुद्रापासून दक्षिणेच्या बंदरापर्यंत तेल नेतेय. गावाबाहेर फॉक्सच्या अलीकडे ती रस्त्यालगत दिसते, गाडीतून उतरलं की समोरच. तेल गरम, जमीन गोठलेली, म्हणून अर्ध्याहून जास्त वाहिनी खांबांवर उचललीय. त्यातल्या बऱ्याच खांबांत अमोनिया भरलेल्या नळ्या आहेत. जमिनीच्या उबेने अमोनियाची वाफ होते, वर जाऊन पंख्यांसारख्या पात्यांशी थंड होते, थेंब होऊन खाली येते. पंप नाही, वीज नाही. जगभर लोक घर गरम ठेवायला धडपडतात, इथे जमीन गार ठेवायची धडपड! बाबांना हे पाच मिनिटांत दाखवता येईल.

दुसरी ओळ बाबांनी सुचवली. फेअरबँक्सच्या आग्नेयेला चौदा-पंधरा मैलांवर एक गाव आहे, नाव नॉर्थ पोल. खरंच! तिथे वर्षभर नाताळ असतो, सांताक्लॉजचं मोठं दुकान आहे. "उत्तर ध्रुवावर जाऊन आलो असं मंडळात सांगता येईल, आणि खोटंही नाही," असं म्हणून ते कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले.

आणि पहाट? ते गणित मी सगळ्यात शेवटी केलं, कारण तिथे काही मिळेल असं वाटत नव्हतं. २१ डिसेंबरला फेअरबँक्सला सूर्य अकराच्या जरा आधी उगवतो, पावणेतीनच्या आत मावळतो. दिवस तीन तास चाळीस मिनिटांचा. आता पहाट: पहिला उजेड सव्वासातच्या सुमाराला. तिथून सूर्योदयापर्यंत किती? तीन तास चाळीस मिनिटं. मी आकडे दोनदा तपासले. जेवढा दिवस तेवढीच पहाट, आणि तेवढीच संध्याकाळ! पासष्ट दिवसांची रात्र नाही, टिळकांच्या तीस बहिणी नाहीत, पण पुण्यापेक्षा जवळजवळ तिप्पट पहाट. आणि तीही हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर.

मग लक्षात आलं की या पहाटेसाठी बाहेर जायचीही गरज नाही. एक खुर्ची, एक खिडकी आणि चहा. डॉक्टर, विमा, बायको, सगळे एका झटक्यात खूश. फक्त खिडकी कुठल्या बाजूची हवी? पूर्वेची, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो असतो. पण त्या दिवशी तिथे सूर्य जवळजवळ दक्षिणेला उगवतो, जरासा वर येतो, दोन अंशही नाही, आणि दक्षिणेलाच मावळतो. हॉटेलला फोन करून दक्षिणेकडची खोली मागितली तर तिथली बाई गोंधळली. "सर, अरोरा उत्तरेला दिसतो. सगळे उत्तरेची खोली मागतात." मी म्हटलं, आम्हाला दक्षिणेचीच द्या. तिने खोलीचं भाडंही कमी सांगितलं.

तर मंडळी, २० डिसेंबरला जाऊन २३ ला परत. लोकरीचे थर, बुटांत घालायच्या गरम पुड्या, कॅमेऱ्यासाठी हवाबंद पिशवी (थंडीतून तसाच आत आणला तर काचेवर पाणी धरतं), सगळी खरेदी झाली. भाड्याची गाडी घेतोय तिला बोनेटखालून विजेची वायर आहे. रात्री गाडी मोबाइलसारखी प्लगला लावायची, म्हणजे सकाळी इंजिन सुरू होतं. पारा उणे चाळीसला गेला तर सेल्सियस आणि फॅरनहाइट एकच होतात, त्यामुळे निदान त्या दिवशी आमचा बापलेकांचा वाद होणार नाही. बाबा म्हणतात त्यांची माकडटोपी पुरेशी आहे. त्यावर चर्चा चालू आहे.

काल मी त्यांना खिडकीचं सांगितलं. दक्षिण म्हटल्यावर मला वाटलं काहीतरी म्हणतील, आपल्याकडे दक्षिणेला तोंड करून बसत नाहीत. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. पुणं त्याच बाजूला आहे ना?"

नकाशाच्या हिशेबाने फेअरबँक्सहून पुणं दक्षिणेला नाही. सगळ्यात जवळचा रस्ता उत्तरेकडे निघून आर्क्टिक वृत्ताच्या बराच वरून जातो. भूगोलाच्या मास्तरांना हे माझ्याआधी ठाऊक असणार. मी दुरुस्त केलं नाही. शीटमध्ये २१ तारखेच्या ओळीत एवढंच लिहिलंय: सकाळी ७, दोन खुर्च्या.