रिपोर्ट नॉर्मल

झिणझिण्या तळपायांपासून सुरू होतात. आधी टाचा चुरचुरतात, मग पोटऱ्यांवरून काहीतरी सरसरत वर चढतं आणि कधीकधी थेट डाव्या गालापर्यंत पोचतं. पाय अवघडून आलेल्या मुंग्या झटकल्या की जातात. ह्या जात नाहीत. रात्री पोटरीतला एखादा स्नायू आपला आपण फडफडत राहतो. पायांवर चादरसुद्धा सोसत नाही.

थकवा होताच. व्हायरल ताप उतरला, पण अंगात त्राण काही परत आलं नाही. पुढे निदान झालं क्रॉनिक फटीग सिंड्रोमचं. थकव्याला लोक निदान मान तरी डोलावतात. मुंग्यांचं सांगितलं की चेहरे बदलतात.

सासूबाई म्हणाल्या, "बी-ट्वेल्व्ह बघून घे गं." बरोबरच होतं त्यांचं, आमचं घर शाकाहारी. ते कमी निघालं. इंजेक्शनं घेतली, आकडा वर आला, मुंग्या होत्या तिथेच. साखर, थायरॉइड ठीक. मग एनसीव्ही. हातापायांना विजेचे बारीक झटके देऊन नसा तपासतात ती. रिपोर्ट नॉर्मल. "मनावर घेऊ नका," असं सांगून डॉक्टरांनी फाइल मिटली.

दुसऱ्या डॉक्टर बाईंनी मात्र कागदावर चित्र काढून समजावलं. एनसीव्हीत कळतात त्या जाड, आवरण असलेल्या नसा. वेदना, उष्णता, घाम, नाडी सांभाळणारे तंतू फार बारीक. त्यांच्यातला बिघाड त्या तपासणीत दिसतच नाही. त्यासाठी घोट्याच्या वरची तीन मिलिमीटर त्वचा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तंतू मोजतात. क्रॉनिक फटीगच्या काही रुग्णांत ते कमी आढळले आहेत, सगळ्यांत नाही. मी ती तपासणी केली नाही. उपचार त्याने फारसे बदलणार नव्हते, आणि खर्चही होताच.

त्यांनी मला आधी आडवं झोपवलं, मग दहा मिनिटं नुसतं उभं केलं. नाडी तिसाहून जास्त ठोक्यांनी वाढली, बोटं झिणझिणायला लागली. पाणी, मीठ, घट्ट पायमोजे यांनी उभं राहणं सुधारलं. मुंग्या थोड्याच.

दुखणं मनावर ढकलणं तसं जुनंच. लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात 1955 साली अशाच आजाराची साथ आली होती. आजारी पडले ते बहुतेक तिथलेच कर्मचारी, आणि त्यांच्या तक्रारींतही मुंग्या येणं होतंच. 1970 साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुन्या नोंदी वाचून तो सामूहिक उन्माद असल्याचं लिहिलं. पेशंटना त्यांनी भेटायची तसदीही घेतली नाही! ते वाचलं तेव्हा माझी फाइल मिटणारे डॉक्टर आठवले. त्यांनी निदान मला समोर तरी बसवलं होतं.

"रोज थोडं जास्त चाल, आपोआप बरं वाटेल," हा सल्ला अजूनही ऐकते. उपचारांच्या मार्गदर्शक सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये ह्या आजारासाठी टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवत नेण्याची शिफारस काढून टाकली, हे सांगायलाही आता दम लागतो. माझा अनुभव असा की जास्तीच्या श्रमांची शिक्षा त्या दिवशी होत नाही. दिवाळीत चकल्या पाडल्या, दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हातांची आग सुरू झाली आणि भाऊबीजेला ओवाळणीचं ताट नणंदेनेच धरलं.

नसांच्या दुखण्यावरची गोळी रात्री झोप देते. पण सकाळी डोकं इतकं जड होतं की गॅसवर दूध ठेवल्याचं विसरते. डॉक्टरांना विचारून सध्या अर्धीच घेते.