दाराचे कुलूप आणि श्रावकाचे घर

सोलापुरातील जुन्या वाड्यांची दारे बंद करण्याची रीत साधी होती. आतून आडवा अडसर, बाहेरून कडी-कोयंडा आणि त्यात अडकवलेले वजनदार कुलूप. घरात माणसांचा राबता इतका असे की बाहेरचे कुलूप लावण्याची वेळ क्वचितच येई. आता सदनिकेत पुष्कळदा दोन वृद्धच असतात. मुले पुण्यात किंवा परदेशी. म्हणून कुलूप निवडताना चोराइतकाच घरातल्या थकलेल्या हातांचाही विचार करावा लागतो.

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत कुलपांचा कारखाना सुरू केला. आज दुकानात इतके प्रकार मांडलेले असतात की ग्राहक गोंधळतो. नाईट लॅच सोयीचे खरे. पण दार ओढले गेले आणि किल्ली आत राहिली, तर घरधनीच बाहेर अडकतो. दाराच्या जाडीत बसवलेले मॉर्टिस कुलूप भक्कम असते, मात्र फळी आणि चौकटही तितकीच भक्कम हवी. पोकळ दाराला महागडे कुलूप लावणे व्यर्थ होय. आतून किल्लीशिवाय दार उघडता आले पाहिजे. आग लागली किंवा रात्री प्रकृती बिघडली, तर किल्ली शोधण्यास अवधी नसतो. संधिवाताच्या बोटांना गोल मूठ फिरत नाही; खाली दाबायची आडवी मूठ कोपरानेही उघडते. दुसरी किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे असावी.

शनिशिंगणापुरात घरांना कुलपे न लावण्याची प्रथा प्रसिद्ध आहे. २०११ मध्ये तेथे युको बँकेची शाखा निघाली, तेव्हा गावाच्या श्रद्धेचा मान राखून दाराला दिसणारे कुलूप टाळले गेले. रोकड सांभाळण्याची व्यवस्था मात्र केलीच होती. श्रद्धा आणि सावधगिरी यांत विरोध नाही.

कुलूप परक्याचा हात अडवते. स्वतःचा हात अडवते ते अचौर्य अणुव्रत. चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे हेही तत्त्वार्थसूत्राने त्या व्रताचे अतिचार मानले आहेत. असा माल घरात आला, तर तो कुलपाच्या आतच सुखरूप राहतो.

शिवाय याच दारापुढे श्रावक मुनिराजांच्या पडगाहनासाठी कलश घेऊन उभा राहतो. अतिथिसंविभाग व्रताचा आरंभ उंबऱ्यावरच होतो. तेव्हा दार असे निवडावे की ते रात्री निर्धास्तपणे लावता येईल आणि दिवसा घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीलाही अतिथीसाठी सहज उघडता येईल.